चूल कुणाची, फेरी कुणाची: दक्षिण कोकणातल्या एका गावातील परसफेरीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावातल्या परसफेरीचं, म्हणजे घरोघरची परसं आणि स्वयंपाकघरं पाहुण्यांना फिरून दाखवण्याच्या एका दिवसाच्या उपक्रमाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. फेरीच्या तयारीच्या बैठकांना मी बसत होते, पण निर्णय घेणाऱ्यांत नव्हते. आपल्या गावात असं काही करू पाहणाऱ्या गटांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिलं आहे. त्यामुळे फेरी किती छान झाली यापेक्षा कुठं घोडं अडलं यावर जास्त मजकूर आहे.

पार्श्वभूमी

गाव समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलेलं. भात, काजू, ओढ्याकाठी थोडी माड-पोफळीची आगरं, आणि मुंबईहून येणारा पैसा. वाड्या विखुरलेल्या, एका वाडीतून दुसरीत जायचं तर जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरून व्हाळ (ओढा) ओलांडायचा.

इथल्या जुन्या घराची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समोर खळं (अंगण), मग पडवी, ओटी, माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि मागीलदार. मागीलदाराबाहेर न्हाणी, विहिरीची वाट आणि परसू. मोरीचं नि न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथंच केळ, अळू आणि हळद. चुलीतली राख, भाजीच्या साली, तांदूळ धुतलेलं पाणी परसात जातं. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर दोडकी, पडवळ, काकडी चढते. कडेला मिरची, भेंडी, लाल माट. घरोघरी गॅस आला तरी मागीलदारी एक चूल राहिलीच आहे. आंघोळीचं पाणी, उकड्या तांदळासाठी भात उकडणं, मोठ्या कामाचा स्वयंपाक यांसाठी ती लागते. शिवाय बियाण्याला धूर लागतो. पिकून वाळलेली दोडकी आणि दुधी चुलीवरच्या फळीला टांगून ठेवतात, सुटं बी राखेत घोळून डब्यात भरतात. धुरातल्या बियाला कीड लागत नाही. थोडक्यात, परसू आणि स्वयंपाकघर ही दोन वेगळी ठिकाणं नाहीतच. एक पाहायचं तर दुसऱ्यातून जावं लागतं, आणि पुढचे सगळे पेच इथूनच निघाले.

कल्पना निघाली ती तालुक्याच्या रानभाजी महोत्सवातून. कृषी विभाग ऑगस्टमध्ये हे महोत्सव भरवतो. गावातल्या बचत गटाच्या बायका दोन वर्षं तिथं जात होत्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी यांचे पदार्थ टेबलावर मांडायचे, परीक्षक चमचाभर खाऊन पुढं जाणार, फोटो निघणार, संध्याकाळी रिकामी भांडी घेऊन घरी. परतीच्या टेम्पोत ग्रामसंघाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘ह्येंका घराकडेच बोलवया. भाजी खयसून येता ती तरी बघतले.’ (ग्रामसंघ म्हणजे ‘उमेद’ अभियानातल्या गावच्या बचत गटांचा संघ.) गावच्या वाचनालयाचे सचिव, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, त्यांनी कल्पना उचलून धरली. ग्रामसंघ आणि वाचनालय अशी मिळून समिती झाली. एका रविवारी सहा-सात घरांची परसं आणि स्वयंपाकघरं दाखवायची, प्रत्येक घरी एक पदार्थ खायला द्यायचा, पाहुण्यांकडून वर्गणी घ्यायची. पाहुण्यांपैकी निम्मे गावातलेच असावेत हा आग्रह अध्यक्षबाईंचा. शेजारच्या वाडीतलं मागीलदार न बघितलेल्या बायका याच गावात खूप आहेत, असं त्यांचं म्हणणं.

अडचण

पहिल्या बैठकीत घरांची यादी करायला अर्धा तास पुरला, आणि ती यादीच पहिली अडचण ठरली. सगळी घरं दोन वाड्यांतली होती: नळ्यांची किंवा मंगलोरी कौलांची, शेणानं सारवलेलं स्वच्छ खळं, तुळशीवृंदावन, पितळी भांड्यांची मांडणी. बौद्धवाडीतलं एकही नाही. तिथल्या गटाच्या सचिव, वयानं लहान आणि बैठकीत फारसं न बोलणाऱ्या, एवढंच म्हणाल्या, ‘आमच्या वाडीत भाजी रुजणा नाय काय?’

उत्तर कुणाकडं नव्हतं. यादी करणाऱ्यांनी कुणाला मुद्दाम वगळलं होतं असं मला वाटत नाही. ‘दाखवण्यासारखं घर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी घरं आली ती लिहिली गेली. पण खरी धास्ती घर दाखवण्याची नव्हती. प्रत्येक घरी खायचं होतं, आणि गावातलेच बारा जण बौद्धवाडीतल्या चुलीवरचं सगळ्यांदेखत खातील का, हा प्रश्न होता. मुंबई-पुण्याचे पाहुणे खातील याबद्दल कुणाला शंका नव्हती.

दुसरी अडचण आठवडाभरानं उघडी पडली. यादीतल्या घरांचा होकार गुरुजींनी ओटीवर बसून घेतला होता. होकार देणारे घरातले पुरुष, एका ठिकाणी सासूबाई. अध्यक्षबाई एका घरी आत गेल्या तेव्हा भांडी घासत असलेली सून म्हणाली, ‘घर त्येंचा, पण चूल माझी. माका कोणी इचारल्यान?’ दुसऱ्या एका घरी तर खर्च सुरू झाला होता. भिंतीवरची काजळी दिसू नये म्हणून रंग काढायचा, पाहुण्यांना काचेच्या बश्या आणायच्या, आणि त्यासाठी गटातून कर्ज उचलायचं असं घरात ठरलं होतं. एका दिवसाच्या फेरीसाठी घर कर्जात जाणार असेल तर फेरी नकोच, असं समितीतल्या दोघींनी स्पष्ट सांगितलं.

तिसरी अडचण दिसायला किरकोळ, पण तिच्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला: जे आहे ते दाखवायचं की जे असावंसं वाटतं ते? वाचनालयाच्या मंडळींना गॅस, मिक्सर, प्लास्टिकचे डबे त्या दिवसापुरते माजघरात हलवायचे होते. पाहुणे पाटा-वरवंटा आणि चूल बघायला येणार, त्यांना ते डबेच दिसले तर काय उपयोग, असा मुद्दा. यावर एका काकींनी विचारलं, ‘गॅस लपवून ठेवू? मगे चाय खय करू?’ हशा झाला, पण मुद्दा तिथंच राहिला.

समोर असलेले पर्याय

कधी करायचं, यापासून सुरुवात झाली. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात. आंबा, फणस, रातांबे यांचा हंगाम. पण तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या आणि परसात मांडवाचे नुसते खांब. त्यात काजूच्या दिवसांत माकडतापाची धास्ती. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात हा आजार पसरला, पुढं सावंतवाडी तालुक्यातही रुग्ण सापडले. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो. रानाच्या कडेची परसं परक्या माणसांना तेव्हा दाखवणं शहाणपणाचं नव्हतं. कार्तिकात भात कापून झालेलं असतं, पण घराघरांत मळणी, आणि जत्रांचे दिवस जवळ. श्रावणात परसू भरात असतं, लावणी उरकल्यानं बायकांना थोडी उसंत. मात्र पाऊस आणि शेवाळलेल्या पायऱ्या. मतं श्रावणाकडं झुकली. नागपंचमी ते नारळी पौर्णिमा यांच्या मधला रविवार ठरला.

श्रावणाच्या बाजूनं आणखी एक कारण होतं, जे आधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. श्रावणात बऱ्याच घरी मासे-मटण बंद असतं, म्हणजे कुणाच्या घरी काय शिजतं हा प्रश्नच येणार नाही. बौद्धवाडीतल्या सचिवबाईंनी ते बोलून दाखवलं: श्रावण तुम्ही पाळता, आम्ही नाही, तुमच्या श्रावणावर आमच्या चुलीवर काय शिजायचं ते का ठरावं? चर्चेअंती त्यांनीच मार्ग काढला. फेरी परसाची आहे, तर परसातलंच शिजवायचं, सगळ्यांनी. श्रावण हे कारण लिहायचं नाही, सांगायचंही नाही. हा फरक कागदावर बारीक दिसतो. बैठकीत तो बारीक नव्हता.

खाण्याबाबत तीन पर्याय आले. पहिला, घरं बघायची आणि जेवण शाळेच्या पडवीत एकत्र, एकाच आचाऱ्याच्या हातचं. दुसरा, खाणं नाहीच, फक्त बघणं. तिसरा, प्रत्येक घरी, त्या घरच्या चुलीवरचं. पहिला पर्याय स्वच्छता आणि सोय या नावाखाली आला. गावातल्या एका मान्यवरांनी तो मांडला आणि पटकन माना डोलल्या. माझ्या मते तो सोयीचा नव्हताच. एका आचाऱ्याला चोवीस जणांचं रांधायला लावणं घरोघरी एकेक पदार्थ करण्यापेक्षा महागच पडलं असतं. त्यानं फक्त बौद्धवाडीतल्या घरी खायचं की नाही हा प्रश्न गावाला स्वतःला विचारावा लागला नसता.

अन्न सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा होता. वर्गणी घेऊन खायला घालणं पुढं नियमित झालं तर नोंदणी लागणार. लहान व्यावसायिकांना, म्हणजे तेव्हाच्या नियमानं वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना, परवाना नव्हे तर साधी नोंदणी पुरत होती. शुल्क वर्षाला १०० रुपये. एका दिवसाच्या घरगुती पाहुणचारासाठी प्रत्येक घराची नोंदणी करायची की ग्रामसंघाच्या नावावर एकच, यावर थोडी भवति न भवति झाली. ग्रामसंघाची एकच करायची ठरलं.

घेतलेले निर्णय

होकार पुन्हा घ्यायचा, आणि तो स्वयंपाकघरात, दुपारी, ओटीवर कुणी बसलेलं नसताना. हे काम अध्यक्षबाईंनी स्वतःकडं घेतलं. तीन गोष्टी विचारायच्या: दाखवायचं आहे का, काय दाखवायचं नाही, आत एका वेळी किती माणसं चालतील. ही विचारपूस या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम होतं असं माझं मत आहे. तिच्यातून निघालेली उत्तरं कुठल्याही बैठकीत निघाली नसती. एका घरी देवघर स्वयंपाकघरातच होतं, म्हणून पाहुण्यांनी उंबऱ्याबाहेरून बघायचं ठरलं. एकीनं विचारलं, त्या दिवशी मी चुलीकडं जात नसेन तर? तिच्याकडं पाळतात. तेव्हा तिच्याऐवजी जाऊबाई करतील, आणि कारण कुणी विचारणार नाही, असं ठरलं. एकीनं सरळ नाही म्हटलं. नवऱ्यानं आधीच हो म्हटलेलं असूनही तिचं नाव काढलं आणि तिच्या जागी दुसरं घर घेतलं. आत मावणारी माणसं बहुतेकींनी सात-आठ सांगितली. त्यावरून आठ-आठांचे तीन गट, एकूण चोवीस पाहुणे, हा आकडा आला. गुरुजींच्या मनात चाळीस होते.

नवीन काही विकत आणायचं नाही, रंग काढायचा नाही, असा ठराव झाला. पदार्थ केळीच्या नाहीतर हळदीच्या पानावर द्यायचे. गॅस आणि मिक्सर जिथं आहेत तिथंच राहतील. वाचनालयाची मंडळी यावर नाराज होती, पण मतं घेतल्यावर एका मताच्या फरकानं हा निर्णय पक्का झाला.

रस्ता तीन वाड्यांतून न्यायचा, सात घरं, त्यांतलं एक बौद्धवाडीतलं, साधारण मध्यावर. शेवटी ठेवलं असतं तर ‘उशीर झाला, निघतो’ म्हणायची वाट मोकळी राहिली असती. पत्रकावर एक ओळ छापली: फेरीतल्या प्रत्येक घरी खाणं आहे, पथ्य असेल तर नाव देताना सांगावं. कुठल्या वाडीतलं घर हे पत्रकावर नव्हतं, पण गावात ते लपणार थोडंच.

पत्रक वाटल्यावर चौथ्या दिवशी देवळाकडच्या वाडीतल्या एका घरानं माघार घेतली. कारण सासऱ्यांची तब्येत. सासरे दुसऱ्या दिवशी तिठ्यावर चहा पिताना दिसले. समितीपुढं तीन वाटा होत्या: जाऊन समजूत घालायची, नियम सैल करायचा, किंवा माघार मान्य करायची. गुरुजी समजूत घालायच्या मताचे होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, मन वळवून आणलेलं घर त्या दिवशी तोंड वाकडं करून बसेल, त्यापेक्षा सहा बरी. माघार मान्य केली, त्यावर गावात चर्चा करायची नाही असंही ठरलं. दुसरं बरोबर नव्हतं असं मला वाटतं. पुढं त्याबद्दल लिहिलं आहे.

वर्गणी बाहेरच्यांना ५०० रुपये, गावातल्यांना ५०. बारा-बारा जागा, म्हणजे ६,६०० रुपये. त्यातले प्रत्येक घराला सरसकट ८०० रुपये, तीन वाटाड्या मुलींना प्रत्येकी ३००, उरलेले ९०० पत्रकं, साबण, टॉवेल आणि पायऱ्यांवर धरायला बांधलेला दोर यांवर. सरसकट रक्कम हिशेबाला सोपी म्हणून सगळ्यांना पटली.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी नऊला तिन्ही गट एकाच टोकाकडून, वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं सुटले. प्रत्येक घरी पंचवीस मिनिटं धरली होती. पहिल्याच घरी चाळीस झाली. हळदीच्या पानात पातोळ्या वाफवून होईपर्यंत पाहुणे परसात हळदीचा वाफा, पानवेल, मिरवेल बघत होते. पातोळी सोलताना पानाचा वास सुटला आणि मग कुणाला हलायचं नव्हतं. दुसऱ्या घरी टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या घालून. आठळ्या वर्षभर कशा ठेवतात ते त्या घरच्या काकींनी मातीत पुरलेला साठा उकरून दाखवला. अशा वेळी घड्याळ कोण बघणार! पुढं तवसाळी, पावसाळ्यातल्या निबर तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, केक म्हणा हवं तर, खाली-वर निखारे ठेवून भाजलेली. तोवर दुसरा गट पहिल्याच्या पाठीवर येऊन थांबला होता आणि पाऊस सुरू झाला होता.

बौद्धवाडीतल्या घरी कुर्डूची भाजी आणि नाचणीची भाकरी होती. घर पत्र्याचं, परसू लहान, पण सहा घरांत सगळ्यांत नीट आखलेलं. न्हाणीच्या पाण्याला छोटे पाट काढून अळू, मग केळ, मग माट अशी पाणी उतरत जाण्याची व्यवस्था. विहीर लांब असल्यानं पाण्याचा थेंब वाया घालवायची सोय तिथं कधी नव्हतीच. पाहुण्यांचे सर्वांत जास्त प्रश्न याच घरी झाले. गावातल्या बारांपैकी दहा जणांनी पान घेतलं. दोघी परसात उभ्या राहिल्या. एकीनं उपास सांगितला. घरच्या बाईंनी त्यांना आग्रह केला नाही आणि टोमणाही मारला नाही, भाकऱ्या थापत राहिल्या. मला तिथं उभं राहणं अवघड झालं होतं. त्यांना किती झालं असेल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शेवटच्या घराला सर्वांत जास्त सोसावं लागलं. तिथल्या वहिनींनी साडेअकराला तयार ठेवलेली कुळथाची पिठी आणि घावणे खायला शेवटचा गट सव्वादोनला पोचला. घावणे गार, दोनदा काढलेले. पाहुणे तोवर पाच घरचं खाऊन तृप्त. त्यांच्या परसात कणंग आणि करांदे या कंदांचा आणि पांढऱ्या वालीचा उत्तम वेल होता. तो कुणी धड पाहिला नाही.

बियांचाही एक प्रसंग झाला. चौथ्या घरच्या आजींनी चुलीवरची वाळकी दुधी फोडून मागेल त्याला बी दिलं. चोवीस जणांनी मागितलं. संध्याकाळी सुनेनं बघितलं तेव्हा पेरायला उरलेलं बी मूठभरही नव्हतं. आजींना त्याचं काही वाटलं नव्हतं, सुनेला वाटलं. शेतकऱ्यांनी आपसात बी देणं-घेणं यात कायद्याची काही अडचण नाही. २००१च्या वाण संरक्षण कायद्यानंही तो हक्क मान्य केला आहे. अडचण होती ती घरात पुढच्या पावसाला काय लावायचं याची.

परिणाम

वर्गणीचा हिशेब जमला, कर्ज कुणाला झालं नाही. सरसकट ८०० मात्र महिनाभर गटाच्या बैठकीत गाजले. चोवीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना आणि दोनदा घावणे काढणाऱ्या वहिनींना जेवढे, तेवढेच कोकम सरबत देणाऱ्या घराला. जिनं सरबत दिलं तिनंच आपल्यातले ३०० काढून दिले, पण तो तिचा चांगुलपणा झाला, पद्धत नव्हे.

दोन घरांना पुढच्या नागपंचमीला पातोळ्यांच्या, चतुर्थीला तवसाळीच्या मागण्या आल्या. ग्रामसंघाची नोंदणी असल्यानं त्यांना वेगळी खटपट करावी लागली नाही. फेरीत मुलींनी वहीत उतरवलेली झाडांची आणि वाणांची यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं मागून घेतली. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. इथं ती होती, पण तिच्यात परसातलं काही नव्हतं, सगळं रानातलं. आता घरटी वालीचे, दुधीचे, मिरचीचे वाण त्यात चढले आहेत, ठेवणाऱ्या बाईच्या नावासह.

एका पाहुण्यानं एका स्वयंपाकघराची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली, खाली काजळीवरून विनोद. त्या घरच्या मुलीनं ती मुंबईत बघितली. फोन झाला, चित्रफीत काढली गेली. माणसांचे फोटो विचारून घ्यावेत असं पत्रकावर होतं. घराबद्दल काही नव्हतं.

आणि वाड्यांमधलं? फेरीनंतर बौद्धवाडीतल्या त्या घरी पाण्याचे पाट बघायला गावातल्या तीन-चार बायका पुन्हा जाऊन आल्या, स्वतःच्या परसात तसे काढूनही बघितले. हळदीकुंकवाच्या आमंत्रणांत मात्र काही फरक पडलेला नाही. एका रविवारच्या फेरीकडून त्याची अपेक्षा करणं फेरीवरही अन्याय आणि त्या घरावरही. कारण ती अपेक्षा पुरी करायचं ओझं शेवटी त्याच घरच्या बाईंवर पडतं.

पुन्हा करायचं झालं तर

वेळेचं सोपं आहे. तीन गट तीन वेगवेगळ्या घरांपासून सोडायचे आणि गोल फिरवायचे, म्हणजे शेवटचं असं घरच उरत नाही. घरटी चाळीस मिनिटं धरायची, आणि घरं चारच ठेवायची. सहा घरी खाल्लं की सहाव्या घरचं खाल्लं जात नाही.

मोबदला सामान आणि श्रम असा वेगळा काढावा. सामानाचे पैसे आदल्या दिवशी हातात, श्रमाचे तासांवर. चूल पेटवल्यापासून भांडी घासून होईपर्यंतचे तास. भांडी घासणं पहिल्या हिशेबात कुणीच धरलं नव्हतं.

बियाण्यासाठी घरानं आधीच बाजूला काढून ठेवलेल्या पुड्याच द्याव्यात, आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहावं. पुढच्या वर्षी त्यानं मूठभर परत करायचं. हे नंतर सुरू झालं आहे. आतापर्यंत तिघांनी बी परत आणून दिलं, तिघंही गावातलेच.

माघार घेतलेल्या घराबद्दल गप्प बसायचं ठरलं, त्यामुळे गावात दोन गोष्टी पसरल्या: एक, सासरे खरंच आजारी होते, दोन, बौद्धवाडीतल्या घरामुळे फेरी फुटली. पहिली खोटी आणि दुसरी उलटी. ‘प्रत्येक घरी खाणं आहे हा नियम, तो मान्य नसलेल्यांनी भाग घेतला नाही’ एवढं एक वाक्य समितीनं आपल्या फलकावर लिहिलं असतं तर नाव न घेताही बोट योग्य जागी राहिलं असतं.

गॅस न लपवण्याचा निर्णय बरोबर ठरला. पाहुण्यांना सर्वांत जास्त रस कशात वाटला असेल, तर मिक्सर असूनही चटणीला पाटाच का आणि गॅस असूनही बियांना धूरच का, या बायकांच्या उत्तरांत. लपवलं असतं तर हे प्रश्नच आले नसते.

राहिला माशांचा प्रश्न. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. अशा दिवसांत इथल्या बहुतेक घरांची भिस्त खारवलेल्या बांगड्यांवर, सुकटीवर, सोड्यांवर. पावसाळ्यातलं कोकणी स्वयंपाकघर सुक्या मासळीवाचून दाखवलं म्हणजे ते अर्धंच दाखवलं. परसातलंच शिजवायचं या तोडग्यानं पहिली फेरी पार पडली, पण तो तोडगा कायमचा नव्हे, हे सचिवबाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पुढच्या फेरीसाठी कार्तिकातला एक रविवार आणि चार घरं, एवढं ठरलं आहे. त्यांतल्या दोन घरी सुकी मासळी असेल आणि तसं पत्रकावर छापायचं, असा प्रस्ताव समितीपुढं आहे. गुरुजींनी त्यावर विचार करायला वेळ मागितला आहे. माघार घेतलेल्या घरच्या सूनबाईंनी मात्र पाहुणी म्हणून पन्नास रुपये भरून आपलं नाव आत्ताच नोंदवलं आहे.